कॅथलिक म्हणून ठाम राहायचं आणि मैत्रिणींच्या श्रद्धेचाही मान राखायचा: हे जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईची एक तरुणी नोकरीसाठी पुण्यात राहते. फ्लॅटमध्ये दोघी हिंदू मैत्रिणी आणि एक मुसलमान. ऑफिसात गणपती बसतो तेव्हा आरतीचं ताट हिच्याही हाती येतं. घरी आजी म्हणते, प्रसाद खाल्लास तरी पाप. मैत्रिणी म्हणतात, सगळे धर्म सारखेच, मग दर रविवारी मिस्सेचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा) हट्ट कशाला? आणि एका हिंदू मित्राशी लग्नाचा विचारही आहे. या सगळ्यात आपण कॅथलिक म्हणून कुठे उभं राहायचं, असं तिनं विचारलं आहे.

मी वसईत बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे आणि लग्नपूर्व तयारीचे वर्ग घेतो. शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलेली आपली मुलं हेच प्रश्न घेऊन येतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर: जमतं. ख्रिस्तसभेनं, म्हणजे कॅथलिक चर्चनं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडून एकाच वेळी मागितल्या आहेत. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचं आपलं निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नाव घेऊन आदरानं उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच परिच्छेदात, लगेच पुढे, ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे हे सांगत राहणं ख्रिस्तसभेचं कर्तव्य आहे, असंही म्हटलं आहे. उदार म्हणवणारे पहिलं वाक्य घेऊन दुसरं सोडतात, कडवे दुसरं घेऊन पहिलं सोडतात. कॅथलिक माणसाला दोन्ही वाक्यं घेऊनच चालायचं आहे.

आपल्या वसईच्या धर्मप्रांताकडे (बिशपांच्या अखत्यारीतल्या क्षेत्राकडे) पाहा. तो १९९८ साली स्थापन झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. त्यांच्यानंतर आलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांनी रोममध्ये आंतरधर्मीय संवादाच्या कार्यालयात कित्येक वर्षं काम केलेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्ञानोबा-तुकोबांची वचनं त्यांच्या ओठांवर असत आणि तरी ते अखेरपर्यंत धर्मगुरूच होते. संतवाङ्मय वाचून यांच्यापैकी कुणाची श्रद्धा पातळ झाली नाही. उलट, दुसऱ्याच्या भक्तीकडे न घाबरता पाहायला आपली भक्ती पक्की असावी लागते, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

आता मैत्रिणींचं म्हणणं: सगळे धर्म सारखेच. त्या हे प्रेमानं बोलतात, त्यामुळे वाद घालू नका. पण मनातून हे मान्यही करू नका, कारण ते खरं नाही. तुमच्या मुसलमान मैत्रिणीचंच उदाहरण घ्या. कुराणातला एकोणिसावा अध्याय मरियमच्याच नावाचा आहे. येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला हे ती मानते. पण येशू देवाचा पुत्र आहे हे ती मानत नाही, आणि तो क्रूसावर मेला हेही नाही. आपल्या श्रद्धेचा गाभा नेमका तिथेच आहे. हिंदू मैत्रीण पुनर्जन्म मानत असेल, आपण पुनरुत्थान मानतो, म्हणजे हाच देह, हेच नाव, हाच माणूस देवासमोर पुन्हा उभा राहणार असं मानतो. ‘सगळं एकच’ असं म्हटलं की या दोघींचं म्हणणं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. मला तो आदर वाटत नाही. ‘तू काय मानतेस ते नीट सांग’ असं म्हणून ऐकत बसणं, आणि मग आपलंही तितक्याच शांतपणे सांगणं, याला मी आदर म्हणतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हेच आहे: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं.

मग यांचं तारण होणार की नाही, हा प्रश्न मुलं दबक्या आवाजात विचारतात. जिवलग मैत्रीण नरकात जाणार असं मानून तिच्यासोबत रोज चहा पिणं कुणालाही जड जाईल. तर ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागतात, त्यांचं तारण होऊ शकतं. हे परिषदेनं १९६४ साली लिहून ठेवलं आहे. त्याच्याही आधी, १९४९ साली, चर्चचं सभासदत्व नसलेला कुणीच तरणार नाही असा कडक अर्थ लावणाऱ्यांना रोमनं बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र लिहून चूक ठरवलं होतं. तारण येतं ते ख्रिस्ताकडूनच, यावर आपण ठाम आहोत. पण ते कुणापर्यंत कसं पोचतं, याचा हिशेब देवानं आपल्या हाती दिलेला नाही.

आता गणपती. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

ज्याच्या घरी किंवा ज्या ऑफिसात गणपती आहे तिथे जाणं, सजावटीला हात लावणं, मोदक वळायला बसणं, रांगोळी काढणं, सणाच्या शुभेच्छा देणं, यात श्रद्धेला काही बाधा येत नाही. दिवाळीच्या शुभेच्छा तर खुद्द व्हॅटिकनकडून दरवर्षी हिंदूंना जातात. आरती चालू असताना मागे शांत उभं राहणं हाही शिष्टाचारच. लोक उभे असताना आपण मुद्दाम मोबाइल काढून बसणं असभ्यपणाचं आहे, त्यात कसली साक्ष नाही. तिथे आपण पाहुणे म्हणून उभे असतो.

ताट हातात घेऊन ओवाळणं मात्र वेगळं. आरतीत वाईट काही आहे म्हणून नव्हे. भारतातल्या मिस्सेत आरती, समई, अंजली-नमस्कार, पंचांग प्रणाम वापरायला रोमनं १९६९ सालीच परवानगी दिली आहे, आणि आपल्या कितीतरी चर्चमध्ये सणाच्या मिस्सेत आरती ओवाळली जाते. म्हणूनच तर ओवाळण्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्यापुढे आपण ओवाळतो त्याला ‘तू माझा देव’ असं आपण म्हणत असतो. हे मनात नसताना केवळ चारचौघांत अवघडायला नको म्हणून ताट फिरवलं, तर आपण स्वतःशी खोटं वागलोच, पण ज्यांच्या श्रद्धेचा तो सर्वांत पवित्र क्षण आहे त्यांच्याशीही खोटं वागलो. मी मुलांना सांगतो, ताट पुढच्या माणसाकडे दोन्ही हातांनी, मान झुकवून द्या. कुणी विचारलंच तर म्हणा, ‘हे श्रद्धेनं ओवाळायचं असतं. माझ्या हातात ते नुसतं ताट राहील, म्हणून तुम्हीच ओवाळा.’ असं सांगितल्यावर कुणी रागावल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. लोक रागावतात ते नाक मुरडल्यावर.

इथे हिंदू मैत्रीण एक प्रश्न विचारेल, आणि तो अगदी रास्त आहे: ‘मी तुझ्याबरोबर बांद्र्याच्या माउंट मेरीला येते, मेणबत्ती लावते, हात जोडते. मग तुला माझ्या गणपतीपुढे हात जोडायला काय झालं?’ सप्टेंबरातल्या त्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात, माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनालाही (ठरावीक प्रार्थनेला) असतात. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मरियमेला, हिंदू तेल वाहतात, शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण असं मानतात. त्यांच्या श्रद्धेत याला जागा आहे. मेरीपुढे मेणबत्ती लावताना ती मैत्रीण स्वतःच्या धर्माविरुद्ध काहीच करत नसते. आपल्याकडे ती जागा नाही. दहा आज्ञांतली पहिलीच आज्ञा उपासनेत दुसरा कुणी येऊ देत नाही, आणि होशेय संदेष्ट्यापासून बायबल देवाशी असलेलं हे नातं नवरा-बायकोच्या नात्यासारखं मांडत आलं आहे. एकाशी बांधलेलं असणं म्हणजे इतरांचा तिरस्कार नव्हे. हे तिला असंच सांगा: ‘तुझ्या धर्मात ते बसतं, माझ्या धर्मात बसत नाही, आणि तू येतेस याचा मला मनापासून आनंद होतो.’ मोजून परतफेड करता येत नाही हे मान्य करावं. परतफेड दुसऱ्या मार्गानं करता येते. तिच्या घरी सण असेल तेव्हा सुट्टीची शिफ्ट आपण घ्यावी, आजारपणात तिच्या उशाशी बसावं.

आपणही हाच नियम दुसऱ्या बाजूनं पाळतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला हिंदू मित्र येतात आणि ख्रिस्तशरीर घ्यायच्या रांगेत उभे राहतात. त्यांना आपण ते देत नाही. त्यात अपमान नसतो. त्या भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष आहे असं मानणाऱ्यानंच ‘आमेन’ म्हणून ती घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मित्राला मिस्सेला नेणार असाल तर हे घरातून निघण्याआधीच सांगा, रांगेत कुजबुजून नको.

प्रसादाबद्दल फादरांमध्येही एकमत आढळत नाही, हे आधी सांगतो. माझं मत मी बायबलमधल्या संत पौलाच्या आधारानं देतो, कारण करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढे नेमका हाच पेच होता. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस बाजारात विकलं जाई, मित्रांच्या पंगतीत वाढलं जाई. करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायांत पौल चार गोष्टी सांगतो. अन्नानं आपण देवाच्या जवळ जात नाही की दूर जात नाही. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण दुसऱ्या उपासनेत सहभागी होणं आणि प्रभूच्या मेजावर बसणं एकत्र चालणार नाही. आणि माझ्या खाण्यानं एखाद्या भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर मी ते खाणार नाही.

या आधारानं मी असं सांगतो: पूजेचा भाग म्हणून, डोळ्यांना लावून, कपाळाला लावून घेऊ नका. मैत्रिणीच्या आईनं प्रेमानं हातावर ठेवलेला मोदक खाल्ला तर तुम्ही ख्रिस्त नाकारला असं होत नाही. पण तुमचं मन आतून ‘नको’ म्हणत असेल तर नम्रपणे नको म्हणा, कारण शंका घेऊन केलेली कृती आपल्या विवेकाविरुद्ध जाते. घेऊन नंतर कचऱ्यात टाकणं मात्र कधीही करू नका. ज्या घरात तो बनला त्या घराचा तो अपमान आहे.

आजीला मागासलेली म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. पौल ज्या भावाच्या मनाला जपायला सांगतो, तो तुमच्या घरात आजीच्या रूपानं आहे. तिनं आयुष्यभर रोझरी सोडली नाही म्हणून तुमच्यापर्यंत ही श्रद्धा पोचली. तिच्यासमोर प्रसाद खाऊन स्वातंत्र्य सिद्ध करण्यात काही मिळवायचं नाही. तिला विचारा, लहानपणी शेजारच्या हिंदू वाडीशी तिचं कसं होतं. पिकात, लग्नात, मयतीत एकमेकांच्या दारात उभं राहिल्याच्या गोष्टी तिच्याकडे असतील.

एकत्र प्रार्थनेचा प्रसंग आला तर? पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेस या जागतिक कॅथलिक मेळाव्यासाठी मुंबईत आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना आदरानं उद्धृत केली. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीला सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांना शांततेसाठी बोलावलं, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या परंपरेनं प्रार्थना केली. सगळ्यांची मिळून एक गोळाबेरीज प्रार्थना तयार केली नाही. फ्लॅटमध्ये कुणाचे वडील आजारी असतील तर तसंच करा. चौघी एका खोलीत बसा, प्रत्येकीनं आपल्या शब्दांत प्रार्थना करावी, बाकीच्यांनी शांत राहावं.

मुसलमान मैत्रिणीबरोबर तर उपवासच जोडता येतो. २०२५ साली रमजान आणि ईस्टरपूर्वीचा आपला उपवासकाळ मार्चच्या एकाच आठवड्यात सुरू झाले होते. तिच्या इफ्तारला बसा. आणि सामायिक स्वयंपाकघरात डुकराचं मांस शिजवू नका. ते घरी, वसईला आलात की खा. याला कसलाही धर्मग्रंथ लागत नाही.

इतिहासाचा विषय निघेल, त्याचीही तयारी ठेवा. पोर्तुगीज काळात गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होतं, देवळं पाडली गेली, माणसांवर जबरदस्ती झाली. हे झाकू नका आणि ‘तेव्हा सगळेच तसं करत’ असंही म्हणू नका. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या बळजबरीबद्दल सेंट पीटर्समध्ये जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. त्यांनी मागितली तर आपल्याला मागायला लाज कसली? श्रद्धेच्या बाबतीत कुणावर सक्ती करू नये आणि कुणाला अडवूही नये, ही डिसेंबर १९६५ पासून ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका आहे. त्याच इतिहासात आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सियाही आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तो नागासाकीत क्रूसावर मेला आणि १८६२ साली भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून घोषित झाला. त्यानं श्रद्धेसाठी स्वतःचा जीव दिला, दुसऱ्याचा घेतला नाही. आपल्या लोकांना ठामपणा शिकायचा असेल तर त्याच्याकडून शिकावा.

आणि रविवारची मिस्सा. माझ्या अनुभवात आपल्या मुलांची श्रद्धा आरतीला उभं राहिल्यानं सुटत नाही, ती रविवार चुकत गेल्यानं सुटते. आधी एक सुट्टी, मग ट्रेकिंग, मग ‘सणाला जाऊ’. पुण्यात चर्च भरपूर आहेत. राहत्या जागेजवळचा धर्मग्राम (पॅरिश) शोधा, तिथल्या फादरना नाव सांगून भेटा, युवक गटात किंवा गायनमंडळात बसा. आठवड्याचं शुभवर्तमान शनिवारी रात्री वाचून ठेवा. वर्षातून एकदा नव्हे, दोन-तीनदा पापनिवेदन करा. दृढीकरणानंतर (श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्कारानंतर) धर्मशिक्षण संपलं असं समजणारेच पुढे एक तर सगळ्यांना घाबरतात किंवा सगळं सोडून देतात. मैत्रिणींनी ‘हट्ट कशाला’ विचारलं तर एकदा सोबत न्या आणि शेवटच्या बाकावर बसवा. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं पडतं.

शेवटी लग्न. इथे गोड बोलून चालत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

चर्चमध्ये लग्न करायला तुमच्या मित्रानं धर्म बदलायलाच हवा असं नाही. लग्नापुरता बदलला तर मला ते मुळीच आवडत नाही. बाप्तिस्मा हा हॉल मिळवण्याचा परवाना नव्हे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची सूट लागते आणि ती मिळू शकते. त्यासाठी तुम्हाला, म्हणजे कॅथलिक व्यक्तीला, दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मी माझ्या श्रद्धेपासून दूर जाणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं यासाठी मला शक्य ते सगळं करीन. तुमच्या मित्राला काही वचन द्यावं लागत नाही, पण तुम्ही हे वचन दिलं आहे याची त्याला पूर्ण कल्पना हवी. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांचं मूळ या शेवटच्या ओळीत आहे. मुलगी सही करते, मुलाला वाटतं कागदाची औपचारिकता, आणि पहिलं मूल झालं की बारसं की बाप्तिस्मा यावरून दोन घरं समोरासमोर येतात.

सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी, असं दोन्ही घरांना हवं असतं. चर्चच्या नियमाप्रमाणे त्याच लग्नाची संमती देणारा दुसरा धार्मिक विधी आधी किंवा नंतर करता येत नाही. हळद, मेंदी, जेवणावळ, दोन्हीकडचे नातेवाईक, आहेर यांना काहीच आडकाठी नाही. पण त्याच्या आईला सप्तपदी हवीच असेल तर तो अवघड प्रश्न आहे, आणि तो पत्रिका छापण्याआधी सोडवायचा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करायचं ठरलं तर तीस दिवसांची नोटीस लागते. आणि चर्चची सूट न घेता फक्त नोंदणी केली, तर चर्चच्या दृष्टीनं ते लग्न ग्राह्य धरलं जात नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

त्याला घेऊन बसा आणि तीन गोष्टी मोकळेपणानं बोला: रविवारी तुम्ही मिस्सेला जाणार, घरात गणपती बसला तर तुमचा वाटा कोणता असेल, आणि मुलांचं काय. त्याच्या आईवडिलांची श्रद्धाही खरी आहे, त्यांना फसवून मिळवलेला होकार टिकत नाही. त्याला मान्य नसेल तर दुःख होईल, पण ते आत्ता कळलेलं बरं. मान्य असेल तर तारीख ठरवण्यापूर्वी, किमान तीन-चार महिने आधी, दोघं मिळून तुमच्या वसईच्या धर्मग्रामातल्या फादरना भेटा. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला काढा आणि लग्नपूर्व तयारीच्या वर्गाला त्यालाही सोबत आणा. आमच्या वर्गात हिंदू मुलं येऊन बसतात, भरपूर प्रश्न विचारतात, आणि त्यांचं आम्ही मनापासून स्वागत करतो.